दारू आणि गोळ्यांचं व्यसन: ओळखायचं कसं, आणि घरी राहून उपचार घ्यायचे कसे

खान्देशात दारूबद्दल दोनच टोकांची भाषा ऐकू येते. एक तर "दमून येतो, जराशी घेतो, त्यात काय?" आणि दुसरी "तो कामातून गेला, टाका त्याला केंद्रात". या दोन वाक्यांच्या मधे कधी कधी दहा-पंधरा वर्षं जातात. त्या वर्षांत करता येण्यासारखं पुष्कळ असतं, पण घरच्यांना ते कोणी सांगत नाही.

माणूस घरी राहून, जमेल तसं कामधंदा सांभाळून, ठरलेल्या तारखांना दवाखान्याच्या ओपीडीत जाऊन दारूतून किंवा गोळ्यांतून बाहेर पडू शकतो. याला बाह्यरुग्ण उपचार म्हणतात. भरती करावंच लागतं असे रुग्ण असतात, पण व्यसन म्हटलं की भरती, हे समीकरण चुकीचं आहे. त्याच्या धाकाने लोक दवाखान्याची पायरी चढत नाहीत. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूचा त्रास असलेल्या आणि मदतीची गरज असलेल्या लोकांची संख्या त्यात सुमारे ५ कोटी ७० लाख निघाली. त्यातल्या ज्यांना दारूशिवाय राहताच येत नाही अशा ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांत एक.

मग व्यसन ओळखायचं कसं? गटारात पडलेला माणूस ओळखायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. प्रश्न आहे तो रोज वेळेवर कामाला जाणाऱ्याचा, पगार घरी आणून देणाऱ्याचा, केळीच्या बागेचा हिशोब चोख ठेवणाऱ्याचा. त्याला विचारलं तर तो म्हणणार, "मी काय बेवडा शे का?" आणि तो मनापासून तसं म्हणत असतो. आपल्या डोक्यातल्या बेवड्याच्या चित्रात तो बसत नाही.

डॉक्टर त्या चित्राकडे बघत नाहीत, सहा गोष्टी बघतात. घ्यायची तीव्र ओढ लागते का. "आज एकच" म्हणून बसल्यावर थांबता येतं का. पूर्वी जितक्यात भागत होतं तितक्यात आता भागत नाही, असं झालंय का. घेतली नाही तर शरीर त्रास देतं का. पोरांची शाळा, शेत, भजनी मंडळ, क्रिकेट, जे आधी आवडायचं ते मागे पडून दिवस बाटलीभोवती फिरायला लागलाय का. आणि कावीळ होऊन गेली, घरात भांडणं झाली, गाडीवरून पडला, तरी चालूच आहे का. गेल्या वर्षभरात यातल्या तीन किंवा जास्त गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्याला अवलंबित्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीतले (आयसीडी-१०) हे निकष आहेत. यात "किती पितो" हा प्रश्न थेट कुठेच नाही.

तरी प्रमाणाबद्दल एक गैरसमज आपल्याकडे फार घट्ट आहे, तो काढायला हवा. १८० मिलीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर तिच्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ते ४० ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे "मी दारू सोडली, फक्त बियर घेतो" म्हणत रोज दोन बाटल्या घेणारा माणूस सव्वा क्वार्टरहून जास्त पितोय. हातभट्टीच्या दारूला तर लेबलच नाही. तिची तीव्रता भट्टीगणिक बदलते आणि भेसळीचा धोका वेगळाच. सातपुड्यात मोहाच्या दारूला देवाकार्यात, लग्नात मानाचं स्थान आहे. त्या रिवाजाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण सणाला घेणं निराळं आणि सकाळच्या चुलीआधी घेणं निराळं, हा फरक तिथल्या जाणत्या बायका कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगला ओळखतात.

घरच्यांनी एक गोष्ट जवळून बघावी, ती म्हणजे सकाळ. रात्री दहाला शेवटची घेतली असेल तर सकाळी सहा-सातपर्यंत दारू उतरत आलेली असते. चहा समोर येतो. तो कप एका हाताने उचलत नाही, दोन्ही हातांनी धरतो, तरी बशीत चहा सांडतो. दाढी करायचं टाळतो किंवा न्हाव्याकडे जातो. कपाळाला घाम आहे, पोटात ढवळतंय, न्याहारी नको म्हणतो, चिडचिड करतो. मग "जरा चौकात जाऊन येतो" म्हणून बाहेर पडतो आणि वीस मिनिटांत परत येतो तेव्हा हात स्थिर, बोलणं गोड, भूकही लागलेली. घरच्यांना वाटतं बाहेरची हवा लागली म्हणून बरं वाटलं. खरं म्हणजे शरीराला दारू मिळाली म्हणून बरं वाटलं. ज्याची सकाळ अशी आहे तो मजेसाठी पीत नाही, थरथर थांबवायला पितो.

स्वतःशी खरं बोलायची तयारी असेल तर चार प्रश्न पुरेसे आहेत. डॉक्टर अनेक वर्षं ते वापरतात. पिणं कमी करावं असं कधी वाटलं का? लोक पिण्यावरून बोलले की राग आला का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटलं का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घ्यावी लागली का? दोन उत्तरं "हो" आली तर डॉक्टरांना दाखवावं. माझ्या मते शेवटच्या एकाच प्रश्नाला "हो" आलं तरी दाखवावं, उद्यावर टाकू नये.

आता ज्या गोष्टीने जीव जातो त्याबद्दल. आपल्याकडे दारू सोडायची ठरलेली पद्धत म्हणजे शपथ किंवा माळ. पंढरीची वारी होते, मुक्ताईच्या दर्शनाला जाणं होतं, गळ्यात तुळशीची माळ पडते आणि माणूस त्या दिवसापासून शिवत नाही. माळेने कितीतरी संसार सावरले आहेत, तिच्यामागे आख्ख्या गावाचं पाठबळ उभं राहतं. पण जो रोज, वर्षानुवर्षं, भरपूर पितोय त्याने एका दिवसात सगळं बंद केलं तर शरीर ते सहन करेलच असं नाही.

दारू मेंदूचा वेग कमी करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तो वेग भरून काढायला स्वतःला जास्त चेतवत राहतो. कन्नड घाट उतरणारा भरलेला ट्रक ब्रेकवर पाय ठेवूनच चाललाय आणि अचानक ब्रेक निकामी झाला, तसं दारू एकदम बंद केल्यावर होतं. पहिल्या सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, ती आयुष्यातली पहिलीच असू शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे, साप दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, दिवस की रात्र कळत नाही, घरच्यांना ओळखत नाही, अंग तापतं, हवेत काहीतरी पकडायला बघतो.

नेमकं इथेच घरचे चुकतात, आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही. तीन दिवस प्यायलेला नाही, म्हणजे दारूचा हा परिणाम असेलच कसा? मग म्हणतात बाहेरचं झालं. रात्री भगताकडे नेतात, लिंबू उतरवतात, धुरी देतात. तोवर अंगातलं पाणी कमी होत जातं, ताप वाढतो आणि माणूस हातचा जातो. पिणं बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी बडबड सुरू झाली तर ते दारू सुटल्यामुळेच होत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. १०८ ला फोन करा, मोठ्या दवाखान्यात न्या, आणि गेल्या गेल्या सांगा की हा रोज पिणारा आहे आणि अमुक दिवसापासून बंद आहे. हे एक वाक्य सांगितलं नाही तर डॉक्टर मेंदूज्वर शोधत बसू शकतात.

यातच सलाईनचं. थकलेल्या दारुड्याला गावात ग्लुकोज चढवतात आणि त्याला तरतरी येते. पण जास्त पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, फार कमी असतं. कारण जेवण सुटलेलं असतं आणि दारू ते आतड्यातून शोषूही देत नाही. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिन संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, पुढे स्मरणशक्ती कायमची अधू होते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. तुम्ही डॉक्टर नाही, पण "साहेब, हा रोज पितो, बी-१ द्यायचं का?" इतकं विचारू शकता. विचाराच.

म्हणजे माळ घालायचीच असेल तर तिच्या आधी एकदा ओपीडीत जाऊन या. तारीख डॉक्टरांबरोबर ठरवा, मग माळही टिकते आणि माणूसही.

आता गोळ्या. याबद्दल लोक दारूइतकं बोलत नाहीत, कारण गोळी म्हणजे औषध, आणि औषधाचं व्यसन कसं असेल?

बहुतेक घरांत ही गोष्ट एकाच वाटेने येते. आजोबा गेले, आजींना झोप येईना. डॉक्टरांनी झोपेची किंवा "टेन्शनची" गोळी दिली, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, दोन आठवड्यांसाठी. झोप लागली. दोन आठवडे संपले, चिठ्ठी डब्यातच राहिली. नातू मेडिकलवर जाऊन तीच पट्टी आणतो. सहा महिन्यांनी एका गोळीने झोप येत नाही, मग दीड, मग दोन. एके दिवशी मेडिकलवर ती कंपनी नसते, रात्रभर आजी येरझारा घालतात, छातीत धडधडतं, सकाळी हात कापतात. आजींनी काहीही वाईट केलेलं नाही. या गटातल्या गोळ्या रोज घेतल्या तर काही आठवड्यांतच शरीराला त्यांची सवय लागते. पुढे विसराळूपणा येतो, रात्री लघवीला उठताना तोल जातो, आणि उतारवयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरूण धरतो.

दुसरी वाट अंगमेहनतीची. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणारा मजूर, आग्रा रोडवर रात्रभर गाडी चालवणारा ड्रायव्हर, ऊसतोडीला बाहेर गेलेलं जोडपं. पाठ मोडून येते. ट्रामाडोल असलेली वेदनाशामक कॅप्सूल घेतली की दुखणं तर थांबतंच, वर अंगात हुरूप येतो. तोच हुरूप पुढे गळफास होतो. ट्रामाडोल हे अफूच्या जातकुळीचं औषध आहे. गोळी चुकली की सतत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं फुटल्यासारखी कळ. ताप आल्यासारखं वाटतं म्हणून परत तीच गोळी. डोस वाढत गेला तर ट्रामाडोलने फिटही येते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचंही जवळपास असंच.

तिसरी वाट पोरांची. धुळे-मालेगाव पट्ट्यात "कुत्ता गोळी" नावाने जी विकली जाते ती मुळात अल्प्राझोलामचीच गोळी, म्हणजे आजींच्या डब्यातलं औषध. ती दारूबरोबर घेतली की श्वास मंदावत मंदावत थांबू शकतो. दारू, झोपेची गोळी आणि ट्रामाडोल, यातलं कुठलंही दोन एकत्र घेणं जिवावरचं आहे. कोणी हलवूनही उठत नसेल, घोरणं घरघरल्यासारखं येत असेल, ओठ निळे पडत असतील, तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा.

गोळ्यांच्या पट्टीवर लाल रंगातली उभी रेघ आणि चौकटीतली सूचना बघायची सवय लावा. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतल्या एच-१ यादीतली औषधं (अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीन त्यातलीच) चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की दुकानदाराने वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. ट्रामाडोल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठी न बघता पट्टी देतो तेव्हा तो उपकार करत नसतो.

पण इथे उलटी भीतीही नको. सवय लागणं आणि व्यसन लागणं एकच नाही. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन लागतं, ते त्याने डॉक्टर सांगतील तसं घ्यावं. नैराश्याच्या, फिटच्या, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारा माणूस व्यसनी नसतो, जसा बीपीची गोळी घेणारा नसतो. सांगितल्यापेक्षा जास्त घेणं, दोन-तीन डॉक्टरांकडून तीच गोळी लिहून घेणं, पट्टी लपवणं, संपायच्या आधी जीव कासावीस होणं, दुखणं गेलं तरी गोळी न जाणं, ही व्यसनाची लक्षणं. आणि हा लेख वाचून आजींच्या गोळ्या आज रात्री कचऱ्यात टाकू नका. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी दारूसारखीच फिट येऊ शकते. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात, बऱ्याचदा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्केच. कधी आधी लांब टिकणाऱ्या गोळीवर नेतात आणि मग उतरवतात. वर्षानुवर्षांची सवय असेल तर याला महिने लागतात. घाई केली की सगळं पहिल्यापासून.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. पिणाऱ्या पुरुषाला गाव हसतं, पण सांभाळूनही घेतं. पिणाऱ्या बाईला तसं कोणी सांभाळत नाही, म्हणून ती लपवते. गोळ्या तर लपवायला आणखी सोप्या. तिचं शरीर तेवढ्याच दारूने लवकर खचतं, लिव्हर लवकर बिघडतं, आणि दवाखान्यात ती सगळ्यात उशिरा पोहोचते. तिच्याबरोबर जाणारं माणूस सासरचंच असलं पाहिजे असं नाही. बहीण चालेल, मैत्रीण चालेल, आशाताई चालतील.

ओपीडीत काय होतं ते आता नीट सांगते, कारण माहीत नसल्यामुळेच निम्मी भीती असते. जायचं कुठे? धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी विचारायची. पाटीवर "मानसोपचार" वाचून पाय मागे घेऊ नका, व्यसनाचे डॉक्टर तेच. तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम कोणत्या दिवशी येते ते विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घरातून निघायच्या आधीच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारच्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर १४४४६. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

जाताना घरातली सगळी औषधं, रिकाम्या पट्ट्यांसकट, एका पिशवीत टाकून न्या. केसपेपर निघतो, रांग लागते, आणि मग डॉक्टर जे प्रश्न विचारतात ते अगदी व्यवहारी असतात. शेवटची कधी घेतली? रोज किती, कुठली? बंद केल्यावर पूर्वी कधी फिट आली, भ्रम झाला? कावीळ, रक्ताची उलटी, शुगर, दमा? गोळ्या कोणत्या? रात्री जीव नकोसा होतो का? इथे आकडा कमी करून सांगायचा मोह होतो. कृपा करून करू नका, पहिल्या आठवड्याच्या औषधाचा डोस त्या आकड्यावरच ठरतो. डॉक्टर नाडी, रक्तदाब बघतात, हात पुढे करायला सांगून थरथर बघतात, रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या लिहितात, लागली तर सोनोग्राफी. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवायचं बंधन त्यांच्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आहे. नोकरीवर कळेल, पोलीस येतील, ही भीती बाळगू नका.

पहिले सात-दहा दिवस सगळ्यात महत्त्वाचे. दारूची जागा तात्पुरती घेणारी औषधं देतात, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी जास्त आणि मग रोज थोडी थोडी कमी करत बंद. बरोबर थायमिन. ही औषधं घरातल्या शुद्धीतल्या माणसाने स्वतःकडे ठेवायची आणि वेळेवर हातात द्यायची, पूर्ण पट्टी त्याच्याकडे द्यायची नाही. वरून दारू घेतली तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. या दिवसांत एक-दोन दिवसाआड दवाखान्यात दाखवावं लागतं. गाडी चालवायची नाही, विहिरीवर, फवारणीला, कापसाच्या जिनिंगच्या मशिनवर जायचं नाही.

हे घरी कोणाकोणाला जमणार नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. ज्याला पूर्वी दारू बंद केल्यावर फिट किंवा भ्रम झालाय, ज्याला रक्ताची उलटी किंवा पोटात पाणी झालंय, जो दारूबरोबर गोळ्याही घेतो, जो मरायचं बोलतो, जिच्या पोटात बाळ आहे, ज्याच्या घरी लक्ष ठेवायला कोणीच नाही. आणि आपल्याकडचं एक कारण पुस्तकात ठळक नसतं: अंतर. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून रात्री फिट आलेल्या माणसाला मोठ्या दवाखान्यात आणायला तास न् तास लागतात. अशा वेळी पहिला आठवडा भरती, नाहीतर जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम, आणि मग पुढचं सगळं ओपीडीत. मरणाच्या गोष्टी करणाऱ्याच्या घरातून फवारणीचं औषध त्याच दिवशी हलवा आणि त्याच दिवशी दाखवा.

ट्रामाडोलसारख्या गोळ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी मिळते. तिने ओढ आणि कळा थांबतात, माणूस कामावर जातो. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं लोक म्हणतात. तसं नाही. ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली दिलेलं ते औषध आहे आणि ते मृत्यू टाळतं. एक इशारा मात्र: नशेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवून परत त्यांचा जुना डोस घेतला तर तोच जीवघेणा ठरतो, कारण शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते.

आठवडाभराने हात थांबतात, झोप लागते, आणि घरचे म्हणतात सुटली. इथे खरं काम सुरू होतं. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधं काही महिने देतात. डायसल्फिरामचं तंत्र वेगळं: ते घेत असताना दारू प्यायली तर चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच ते देतात, आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. "न सांगता भाजीत मिसळा, दारू सुटेल" अशा जाहिरातींची पावडर बाजारात मिळते. आईने किंवा बायकोने ती मोठ्या आशेने आणलेली असते. तिच्यात काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं काही असेल आणि त्यावर तो क्वार्टर प्यायला, तर हृदय थांबू शकतं. न सांगता काहीही देऊ नका.

गोळीइतकंच महत्त्व समुपदेशनाला. समुपदेशक प्रवचन देत नाही, तो तुमच्याबरोबर आठवडा उघडून बघतो. मजुरी शनिवारी मिळते, त्याच दिवशी बाजार, बाजारातून घरी येताना गुत्ता. मग मजुरी घरच्यांच्या खात्यावर, बाजार बायकोबरोबर, आणि येण्याचा रस्ता दुसरा. कापसाचे पैसे आले त्या रात्री, हळदीच्या रात्री, पोळ्याला, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कोणी ग्लास पुढे केला तर काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. "डॉक्टरांची गोळी चालू आहे" हे वाक्य आपल्याकडे चालून जातं. ओढ लाटेसारखी येते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जेवण, अंघोळ, एखादा फोन. फोन करायला माणूस हवा म्हणून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा उपयोगी पडतात. फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, आणि समोर बसलेला प्रत्येक जण त्यातून गेलेला असतो. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात.

घरच्यांनी बोलायची वेळ निवडावी. प्यायलेला असताना बोलून काही हाती लागत नाही. सकाळी, पोरं नसताना, आणि एकाच प्रसंगाबद्दल: "परवा तू गाडीवरून पडलास, मला रात्रभर झोप आली नाही. शुक्रवारी आपण दोघं दवाखान्यात जाऊ." पोरांची शपथ घालू नका. तो ती मोडेल आणि स्वतःच्या नजरेतून आणखी उतरेल. त्याची उधारी फेडू नका, त्याच्या साहेबाला खोटं कारण सांगू नका. मारहाण होत असेल तर समजावत बसू नका. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा, उपचाराचं नंतर बघू.

आणि केंद्रात टाकायची वेळ आलीच तर आधी जाऊन बघा. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, मानसोपचार डॉक्टर कधी येतात ते विचारा, भरती झालेल्यांशी बोलू देतात का ते बघा. साखळदंडाने बांधणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे. गाडी पाठवून घरातून उचलून नेतो असं फोनवर सांगणारा माणूस उपचार देत नसतो. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्था १९८६ पासून मारहाण-डांबाडांबी न करता हे काम करत आल्या आहेत, म्हणजे ते जमतं.

परत प्यायला तर? बरेच जण पितात, पहिल्या वर्षात तर नक्कीच धोका असतो. चार महिने कोरडे काढले आणि भाच्याच्या लग्नात घेतली. दुसऱ्या दिवशी तो तोंड दाखवत नाही, घरचे म्हणतात सगळं पाण्यात गेलं, आणि ठरलेली तारीख चुकवली जाते. ती चुकवू नका. तोंडाला वास येत असला तरी केसपेपर घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगा कुठे, कोणाबरोबर, किती घेतली. ते औषध बदलतील, तारखा जवळच्या देतील. चार महिन्यांत लिव्हर जेवढं सुधारलं तेवढं सुधारलेलंच आहे. केसपेपर तोच चालतो, नवीन काढावा लागला तरी नंबर लावा.